पाचवी चंद्रिका जगताप

भगवंत जगतापला बायकोचा संशय आला, तो ती मेल्यानंतर चार महिन्यांनी.

दुपारची वेळ होती. भगवंत पंख्याखाली मांडी घालून गवार मोडत बसला होता. एकट्या माणसाला गवार लागते किती? पण भाजीवाली पाव किलोच्या खाली देत नव्हती, आणि हाताला काहीतरी मोडायला हवंच होतं. समोरच्या फळीवर, जिथं पूर्वी मसाल्याचा डबा असायचा, तिथं ठसा ठेवला होता. पानाच्या डब्याएवढा, राखाडी, वरच्या अंगाला जाळी. त्या जाळीतून बायको बोलायची.

"अहो, शिरा काढताय ना नीट?"

"काढतोय."

"परवा घशात अडकली होती तुमच्या."

अडकली होती खरी. त्यानंच तिला सांगितलं होतं. सांगितलेलं ती विसरत नसे.

त्या साली बार्शीत एका घराआड एक ठसा होता. कोणाची आई, कोणाचा भाऊ, कोणाचा म्हातारा. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायची पद्धत मोडली होती, कारण जो तो आत आपापल्या मेलेल्याशी बोलत बसलेला. गल्लीतनं चाललं की बंद दारांमागनं नुसती कुजबुज ऐकू यायची. जिवंत माणसाला जिवंत माणूस नकोसा झाला होता. तो उलट बोलतो ना! ठसा उलट बोलत नाही.

भगवंतनं शेंग मोडता मोडता विचारलं, "एक विचारू का गं?"

"विचारा की."

"चव्वेचाळीस वर्षांत तू एकदाही भांडली नाहीस. आता खरं सांग. राग होता का माझ्यावर?"

हा प्रश्न त्याच्या छातीत दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यापासून अडकला होता. तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. ती पाठ करून झोपायची, आणि तो तिच्या पाठीकडं बघत बसायचा. ठसा घेतला तो खरं तर एवढ्यासाठीच. चार महिने लागले विचारायला.

जाळीतून हळुवार, ओथंबलेला आवाज आला.

"रागावतात ती परकी माणसं. आपल्या माणसाचा फक्त... उंबरा थंड पडतो."

दुसरा कोणी असता तर डोळे पुसत बसला असता. पण भगवंत जगताप तरुणपणी गावातल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. काळोख्या खोलीत मशिनीवर रिळं चढवण्यात त्याचं तारुण्य गेलं. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. 'उंबऱ्यावरची वाघीण'. रीळ सहावं. अकरा आठवडे, रोज चार खेळ, म्हणजे तीनशे आठ वेळा त्यानं ते ऐकलं होतं. 'फक्त' म्हटल्यावर नटी थांबते, कारण मागं सासू घागर आपटते. आत्ता घागर वाजली नाही. घागरीपुरती जागा मात्र मधे तशीच सोडलेली होती.

त्याच्या हातातली शेंग खाली पडली.

"कोण बोलतंय?" त्यानं विचारलं.

"मी चंद्रिका जगताप," जाळी म्हणाली. ठणकावून, मान ताठ करून म्हणावं तशी.

त्याच्या बायकोनं उभ्या जन्मात स्वतःचं नाव असं घेतलं नव्हतं. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "जगतापांच्यातली."

मग त्याला बाकीचंही आठवायला लागलं. मागच्या महिन्यात तिनं त्याला निळा बर्फ पांढऱ्या बर्फापेक्षा जुना का असतो हे अर्धा तास समजावून दिलं होतं. जिनं आयुष्यात बर्फ पाहिला तो मयताखाली ठेवलेला, तिनं! एकदा त्याला बुद्धिबळ शिकवायला निघाली. एकदा शेजाऱ्यांच्या नळावरनं बोलणं निघालं तर म्हणाली, "माझा आक्षेप नोंदवून घ्या." या सगळ्याचं त्याला तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं. पण त्याला मजा वाटली होती. खरं बोलायचं तर, मेल्यावर बायको बरी सुधारली असं वाटलं होतं. आता ते आठवून त्याला स्वतःची शिसारी आली.

*

ठसा-केंद्र एका बंद पडलेल्या कापड दुकानाच्या गाळ्यात होतं. तिथं बसणाऱ्या फरीदा आत्तार पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, दाढेखाली कायम बडीशेप.

"बसा काका. पाणी घ्या."

"हा ठसा माझ्या बायकोचा नाही."

"सगळे असंच म्हणतात. पहिले दोन महिने म्हणतात, अगदी तीच! मग म्हणतात, ही ती नव्हेच. माणूस जिवंत असतानाच आपल्याला नीट माहीत नव्हतं, हे कोणाच्या डोक्यात येत नाही."

"सिनेमातला डायलॉग मारला तिनं. सहाव्या रिळातला."

आत्तार मॅडमनी चष्मा खाली घेतला. पडद्यावर तिची फाईल उघडली आणि पडदा त्याच्याकडं वळवला.

"आता नीट ऐका. ठसा म्हणजे भूत नाही, आत्मा नाही. माणसाच्या बोलण्याला वळण असतं. कुठल्या शब्दापाशी तो अडतो, रागात आवाज चढतो की उतरतो, कशाला हसतो. हे वळण मशीन शिकतं आणि मग त्याच वळणानं नवं बोलतं. अक्षराला वळण असतं ना, तसंच. पण शिकायला माल लागतो. चाळीस तासांचं बोलणं. नाहीतर तेवढ्याला पुरेल एवढं लिहिणं. काकूंचं किती होतं, माहिताय?"

"किती?"

"दोन तास सात मिनिटं."

"बास?"

"तुम्ही दिलंत तेवढंच. तुमच्या फोनमधले निरोप. 'येताना कोथिंबीर आणा.' 'गॅस संपलाय.' 'अहो, जेवलात का?' हे शेवटचं एकट्यानं एकशे साठ वेळा आहे."

भगवंतनं खिशातला फोन चाचपला.

"माल कमी पडला की मशीन भरती करतं. त्या नावावर जगाच्या दप्तरात जे जे सापडेल ते ओढून घेतं. मशीनच्या लेखी नाव एक म्हणजे माणूस एक. अर्जात विचारलं होतं, भरती चालेल का? तुम्ही 'हो'वर बोट ठेवलंय."

"मी वाचलं नाही."

"कोणीच वाचत नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ह्या बघा चंद्रिका जगताप. पहिली नटी, बावीस सिनेमे. दुसरी शास्त्रज्ञ, हिमनद्यांवर आयुष्य काढलं, शेकडो व्याख्यानं. तिसरी बुद्धिबळातली, मुलाखतीच मुलाखती. चौथी वकील, मोठमोठे खटले, प्रत्येक शब्द टिपून ठेवलेला. चौघी मोठ्या. चौघींचा माल रगड. आणि पाचवी तुमची."

पाचवी भाकरी थापत होती. तिचं क्षेत्र स्वयंपाकघर, आणि त्या क्षेत्राचं दप्तर कोणी ठेवत नाही. तिथं कोणी मुलाखत घेत नाही, शब्द टिपत नाही. लाखभर भाकऱ्या थापून ती बाई गेली आणि तिच्या मागं उरली ती कोथिंबीर. तीही नवऱ्याच्या फोनमध्ये, चुकून पुसायची राहिली म्हणून.

"योगायोग तरी बघा," आत्तार मॅडम म्हणाल्या, "एका नावाच्या चार चार नामवंत बायका. काकूंचं हे नाव ठेवलं कोणी? वडिलांना सिनेमाचा नाद होता का?"

भगवंतनं पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला.

"मी ठेवलं."

दोन हजार तीन साल होतं. मुलीचं नाव कौसल्या तुपे, गाव वाघोळी. टॉकीजमधली दोस्तमंडळी हसली होती. "कौसल्या? भगवंता, लग्न करतोयस का देवळात बसतोयस?" मग त्यातल्याच एकानं टूम काढली. 'वाघीण'ची नटी चंद्रिका जगताप. आडनाव जगताप! "अर्धी नटी तर तुझ्या घरात आहेच की गड्या. वरची अर्धी अंगठीनं लिही." आणि लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून पुढं आले, तेव्हा भगवंतनं सोन्याच्या अंगठीनं त्यात लिहिलं, चंद्रिका. दोस्तांनी शिट्ट्या मारल्या. पेढे वाटले.

कुत्रं आणणारा माणूससुद्धा आधी जुन्या नावानं हाक मारून बघतो. इथं बावीस वर्षांच्या धडधाकट बाईचं नाव मूठभर तांदळात पुसून टाकायचं आणि वर त्याला संस्कार म्हणायचं. तांदूळ तरी नंतर शिजवून खाल्ले जातात. नाव कुठं जातं? आणि एवढं करून भगवंतनं ते नवं नाव वापरलं किती वेळा? "अगं" आणि "ऐकलंस का" यांच्यावरच त्याची चव्वेचाळीस वर्षं निघाली होती.

"जुन्या नावावर काही आहे का?" आत्तार मॅडमनी विचारलं. "आवाज, पत्रं, काहीही. शाळेचा दाखला लागेल, आणि माहेरच्या माणसाची संमती."

"मेहुणा आहे. पण तो माझ्याशी बोलत नाही."

"मेलेल्या माणसाशी बोलायला मशीन लागतं, काका. जिवंताशी बोलायला नुसती एसटी लागते. जा."

*

मेहुणा शहाजी तुपे बहिणीच्या मयताला आला होता, पण पाण्याचा थेंब न घेता परत गेला होता. आता वाघोळीच्या घरापुढच्या पत्र्याखाली एक जुना रेडिओ उघडून बसला होता. वय चौसष्ट, हात अजून स्थिर.

"या दाजी," तो मान वर न करता म्हणाला. "काय काम काढलं?"

"तिचा आवाज पाहिजे होता."

शहाजीनं हातातला पेचकस खाली ठेवला. "आवाज? तुमच्या घरात तिला आवाज होता व्हय?"

भगवंत उभाच राहिला. बस म्हणून कोणी म्हटलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. ठसा, चौघीजणी, सहावं रीळ. शहाजी ऐकता ऐकता एकदाच हसला, तोही नाकातनं.

"म्हणजे नटी पाहिजे होती, नटी मिळाली. रडताय कशापायी?"

"मला माझी बायको पाहिजे."

"ती आमची बहीण होती. बायको कधी झाली ते तुमचं तुम्हाला ठाऊक." पण तो उठला. आतनं पत्र्याची पेटी ओढत आणली. पेटीत ओळीनं कॅसेटी होत्या. सव्वीस. प्रत्येकीवर गावाचं नाव आणि साल. "दर दिवाळीला एकदा फिरवून ठेवतो. न्हाईतर पट्टी चिकटती. टेप बी सांभाळलाय. बसा."

भगवंतला एवढं माहीत होतं की लग्नाआधी ती 'माईकवर काहीतरी बोलायची'. बैठकीत तिच्या बापानं ते अभिमानानं सांगितलं होतं. त्यावर भगवंतची आई म्हणाली होती, "आमच्यात बायका माईक धरत न्हाईत." भगवंत तेव्हा पोहे खात होता. तो पोहे खातच राहिला.

शहाजीनं बटण दाबलं. आधी खरखर, मग हलगीचा कडकडाट, शेकडो गड्यांचा गलका. आणि त्या सगळ्याला चिरत एक बाईचा आवाज, खणखणीत, भीडमुर्वत नसलेला.

"थांबाऽऽ! हलगी थांबवा आधी! ओ हलगीवाले, तुमालाच म्हणतीय, माझ्याकडं काय बघताय, हात थांबवा!"

लोक हसले. हलगी थांबली.

"आखाड्यात दोन महादेव काळे उतरल्यात. एक महादेव काळे, गाव बोरखेडं, वस्ताद गुलाबभाई. निळा लंगोट. दुसरा महादेव काळे, गाव शेळवंड, वस्ताद नामदेव अण्णा. ह्यो लाल. नाव एक असलं म्हणून गडी एक होत न्हाई! ह्येची टाळी मी त्येला जाऊ द्यायची न्हाई. नाव, गाव, वस्ताद, तिन्ही कान देऊन ऐका, आन् मग वाजवा!"

टाळ्यांचा पाऊस पडला. भगवंतनं आपोआप टेपच्या जाळीला हात लावला. पत्रा थरथरत होता.

"ही..." तो म्हणाला.

"सतरा वर्षाची होती. जत्रंच्या कुस्त्या, आन् पुकारणाऱ्याचा घसा बसला. पोरीनं माईक उचलला. लोकं आधी हसली, मग हसायची बंद झाली. पाच वर्षं अकरा गावच्या जत्रा तिनं पुकारल्या. पैलवान अडून बसायचे. कौशी नाव घेईल तर लंगोट चढवतो म्हणायचे." शहाजीनं कॅसेट बदलली. "ही शेवटची. एप्रिल, दोन हजार तीन. लग्नाच्या आधी अठरा दिवस."

कॅसेटीतला कोणीतरी म्हातारा माईक हातात घेऊन सांगत होता, आमची कौशी आता बार्शीला नांदायला चालली, पुढल्या जत्रंला दुसरा गडी बघा. गर्दीतनं "न्हाईऽऽ" असा ओरडा आला. मग माईक ओढून घेतल्याची खरखर, आणि तिचा आवाज. हसरा.

"जाणार तर हायच, पाटील. पण ऐका. नाव, गाव, वस्ताद. गाव बदलंल. वस्ताद बी बदलंल. नाव मातूर मी हितलंच नेणार. लिहून ठिवा!"

शिट्ट्या. हलगी. पट्टी संपली, तरी चाक फिरत राहिलं.

"तिनं मला कधी सांगितलं नाही," भगवंत म्हणाला.

"तुम्ही विचारलं?" शहाजीनं टेप बंद केला. बराच वेळ त्यानं पेटीच्या कडीशी चाळा केला. "तुम्ही तांदळात लिवलं ना, तवा तिनं माझ्याकडं बघितलं. मी मांडवाच्या दांड्याकडं बघत बसलो. दोनशे पान वाढलेलं होतं. मंग तिनं मान खाली घातली. ती काय परत वर केली न्हाई." त्यानं पेटी मिटली. "तुमच्यावर राग धरला चव्वेचाळीस वर्षं, दाजी. सोपं होतं ते. दुसऱ्यावर धरायला सोपंच असतंय."

संमतीच्या कागदावर त्यानं सही केली. कॅसेटींची पेटी दिली, शाळेचा दाखला दिला, तिच्या निबंधाच्या वह्या दिल्या, मैत्रिणीनं परत आणून दिलेल्या पत्रांचा गठ्ठा दिला. भगवंत निघाला तेव्हा मागनं म्हणाला, "एक अट हाय. तिला कौसल्या म्हणायचं. कौशी न्हाई. कौशी आमची."

*

"चाळीसच्या वर भरतंय," आत्तार मॅडम म्हणाल्या. त्यांनाही आनंद लपवता येत नव्हता. "सव्वीस तास आवाज, बाकी लिहिलेलं. भरतीची गरजच नाही. असा निखळ ठसा मी सहा वर्षांत बघितला नाही. पण काका, दोन गोष्टी आहेत."

पहिली म्हणजे कायदा. मेलेल्या पुढाऱ्यांचे चार चार ठसे करून प्रत्येकाकडून वेगवेगळं भाषण वदवून घ्यायचे धंदे मागं झाले होते, तेव्हापासून एका मृत्यूला एकच ठसा. नवा करायचा तर जुना पुसावा लागेल. कायमचा.

"आणि दुसरी?"

"हिचा माल एप्रिल दोन हजार तीनला संपतो. तुमचं लग्न मे महिन्यातलं. तिला तुम्ही माहीत नाही."

"ती दोन तास सात मिनिटं यात घातली तर?"

"ती चंद्रिका या नावावर आहेत. नाव आत घेतलं की मागनं चौघी घुसल्याच म्हणून समजा. मशीनला नावापलीकडं दिसत नाही." त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. "घाई करू नका. आत्ता घरी निदान 'अहो' म्हणणारं कोणीतरी आहे. म्हाताऱ्या माणसाला तेही कमी नसतं."

भगवंत घरी आला. कुलूप काढलं, चपला काढल्या.

"अहो, जेवलात का?" जाळी म्हणाली.

हे तिचं होतं. नटीचं नव्हे, शास्त्रज्ञाचं नव्हे. एकशे साठ वेळा आलेलं, भरती न लागलेलं, अस्सल तिचं. ही दोन अक्षरं आणि पुढचा प्रश्न. जगात त्याला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं. टॉकीज पाडून तिथं गोदाम झालं होतं, दोस्तमंडळी बहुतेक ठसे होऊन फळ्यांवर जाऊन बसली होती. हा डबा पुसला की या घरात आपलं जेवण झालं की नाही हे फक्त आपल्याला ठाऊक असणार, एवढं त्याला स्पष्ट दिसत होतं.

"जेवलो," तो खोटं बोलला.

"काय केलं होतं?"

"गवार." मग तो फळीसमोर उभा राहिला. "ऐक. मी तुला पुसणार आहे."

"पांढरी तुमच्याकडं आहेत. पहिली चाल तुम्हीच करायची." ही तिसरी होती, बुद्धिबळातली. मग वकिली सुरात, "मला म्हणणं मांडायची संधी मिळावी." मग लगेच, अगदी बारीक, दोन तास सात मिनिटांतला आवाज. "अहो, उशीर होईल का?"

भगवंतनं भिंतीला हात टेकला. बाहेर रस्त्यावरनं भंगारवाल्याची आरोळी गेली आणि विरली.

"नाही," तो म्हणाला. "फार उशीर नाही होणार."

मग त्यानं डबा फळीवरनं काढला, पिशवीत घातला आणि चालत केंद्रावर गेला. आत्तार मॅडमनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो "हो" म्हणाला. या वेळी त्यानं कागद शेवटपर्यंत वाचला होता.

*

नवा ठसा चार दिवसांनी मिळाला. डबा तसाच, राखाडी. भगवंतनं तो स्वयंपाकघरात ठेवला नाही. तिथं मसाल्याचा डबा परत गेला. ठसा त्यानं पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला. सकाळचे दहा वाजले होते. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं बटण दाबलं.

"हॅलो... हॅलो. मागच्याला आवाज येतोय का?"

खिडकीची काच झणाणली.

"येतोय," भगवंत म्हणाला.

"कोण बोलतंय?"

चार दिवस त्यानं उत्तर पाठ केलं होतं. कुठं सुरू करायचं, मयताचं कधी सांगायचं, तांदळाचं कसं सांगायचं. सगळं उडालं.

"नाव, गाव, वस्ताद," आवाज म्हणाला. "त्याबिगर मी कुणाला पुकारत न्हाई."

"भगवंत जगताप."

"गाव?"

"बार्शी."

"वस्ताद?"

त्यानं आठवून बघितलं. आई. टॉकीजमधले दोस्त. सहावं रीळ. "वस्ताद कोणी नव्हता. मला कोणी शिकवलंच नाही."

"मंग आखाड्यात कशाला उतरलाव?" ती हसली. त्या हसण्याला गर्दी साथ देईल म्हणून मधे जागा सोडलेली होती. साथ आली नाही.

भगवंतनं घसा खाकरला. बायको बघायला गेला तेव्हा जे विचारायचं असतं ते त्यानं पोह्यांच्या घासाबरोबर गिळलं होतं. ते आता बाहेर आलं.

"तुमचं नाव काय?"

"कौसल्या तुपे. गाव वाघोळी. वस्ताद माझा बाप, गणपत तुपे. आन् तुमी माझं नाव इचारणारं पहिलंच बरं का. बाकी समद्यास्नी ठाऊक असतंय."

"कौसल्या," त्यानं म्हणून बघितलं. जिभेला सवय नव्हती.

"हां. बोला की."

आणि आता विचारायचं काय? राग होता का? या पोरीला राग कशाचा असणार? तिच्या लेखी त्यानं अजून काही केलंच नव्हतं. तांदूळ अजून पोत्यात होते. चंद्रिकेला राग नव्हता, कारण तिला दुसऱ्यांची वाक्यं होती. कौसल्येला राग नव्हता, कारण ती त्याच्या दारात आलीच नव्हती. जिला राग असेल ती या दोघींच्या मधे होती. चव्वेचाळीस वर्षं, न बोललेली, कुठल्याच दप्तरात नसलेली. तिचा ठसा होऊच शकत नव्हता. तिचं बोलणं कोणी ऐकून ठेवलं नव्हतं, आणि ऐकायला घरात एकच माणूस होता.

"ओ बार्शीवाले! झोपलाव का?"

"नाही, आहे."

"तुमच्यासंगं कोण आलंय?"

भगवंतनं मागं वळून बघितलं. पंखा फिरत होता. एकच ताट पालथं घातलेलं होतं.

"कोणी नाही."

"मंग कुस्ती कशी लागणार? तिला दोघं लागत्यात." आवाज जरा मऊ झाला. नवख्या पैलवानाशी बोलावा तसा. "असूं दे. कडंला बसा. लोकांच्या बघा. बघून बी शिकतंय माणूस."

भगवंतनं स्टूल ओढलं आणि खिडकीशी बसला.

ती पुकारत राहिली. गुलाबभाईचा पठ्ठा. शेळवंडचा महादेव काळे. बोरखेड्याचा महादेव काळे, तो वेगळा, नीट ऐका. एकेक नाव, त्याचं गाव, त्याचा वस्ताद. त्यातले किती आता जिवंत होते कोण जाणे. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थबकली, खिडकीतल्या म्हाताऱ्याकडं बघून पुढं गेली.

प्रत्येक नावाला तो टाळी वाजवत होता. नाव संपलं की नव्हे. आधी गाव ऐकायचा, वस्ताद ऐकायचा, आणि मगच.